इंग्लंडची लीग, मग जिंकणारा मॅनेजर इंग्रज का नसतो?

जानेवारी 2025 मध्ये थॉमस टुखेल या जर्मन माणसाने इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची सूत्रं हाती घेतली, तेव्हा तिकडे बराच गहजब झाला. फुटबॉल जन्माला घालणाऱ्या देशाला आपल्या संघासाठी आपला एक माणूस मिळू नये? आपल्याकडे शनिवार-रविवारी रात्र रात्र जागून प्रीमियर लीग बघणाऱ्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. गार्डिओला, क्लॉप, मोरिन्यो बघतच ही पिढी वाढली. परदेशी मॅनेजर हीच तिची सवय. पण नव्याने बघायला लागलेले हमखास विचारतात की लीग इंग्लंडची, मैदानं इंग्लंडची, मग बाकावर बसून हातवारे करणारा माणूस नेहमी बाहेरचाच कसा?

प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सगळ्यात वरची लीग, 1992 साली सुरू झाली. 2024-25 पर्यंत तिचे 33 हंगाम झाले. त्यातला एकही इंग्रज मॅनेजरने जिंकलेला नाही.

आधी, मॅनेजर म्हणजे नेमका कोण?

क्रिकेट संघाचा मॅनेजर हॉटेल, बस, सामान बघतो. फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे संघाचा कर्ताधर्ता. अकरा कोण खेळणार, कसे खेळणार, सराव कसा होणार, हे सगळं तो ठरवतो. जुन्या इंग्लंडमध्ये तर खेळाडू विकत कोणता घ्यायचा, किती पगार द्यायचा, तरुण पोरांकडे कोण बघणार, इथपर्यंत त्याचा शब्द चाले. आता मोठ्या क्लबांत खरेदी-विक्रीसाठी वेगळा संचालक असतो आणि सरावापुरता माणूस 'हेड कोच' म्हणवला जातो. या लेखात दोघांनाही मॅनेजरच म्हणू.

दुसरी ओळख चॅम्पियन्स लीगची. युरोपातल्या वेगवेगळ्या देशांतले वरचे क्लब एकमेकांशी खेळतात ती ही स्पर्धा. 1992 पर्यंत तिचं नाव युरोपियन कप होतं आणि तिथे प्रत्येक देशाचा विजेता (आणि आदल्या वर्षीचा युरोपियन विजेता) तेवढा जायचा. आता मोठ्या देशांचे चार-पाच क्लब जातात. 2025-26 मध्ये इंग्लंडचे तब्बल सहा होते, आणि त्या हंगामाच्या सुरुवातीला या सहांपैकी एकाच क्लबाचा मॅनेजर इंग्रज होता: न्यूकॅसलचा एडी हाऊ. त्याच्याकडे शेवटी येऊ.

33 हंगामांचा हिशेब

बारा माणसांनी हे 33 किताब वाटून घेतले. त्यात एकट्या ॲलेक्स फर्ग्युसनचे 13. तो स्कॉटिश. केनी डॅलग्लिशने 1995 मध्ये ब्लॅकबर्नला जिंकून दिलं, तोही स्कॉटिश. मग फ्रान्सचा व्हेंगर 3, पोर्तुगालचा मोरिन्यो 3, स्पेनचा गार्डिओला 6. अँचेलोटी, मँचिनी, रानिएरी, कोंटे या चार इटालियनांनी प्रत्येकी एक. चिलीचा पेलेग्रिनी एक, जर्मनीचा क्लॉप एक, नेदरलँड्सचा आर्न स्लॉट एक.

इंग्रज मॅनेजर दुसऱ्या नंबरापर्यंत पोहोचले. 1993 मध्ये रॉन ॲटकिन्सनची ॲस्टन व्हिला, आणि 1996 मध्ये केव्हिन कीगनची न्यूकॅसल, जिने बारा गुणांची आघाडी घालवली. त्या न्यूकॅसलचं दुःख अजूनही अनेकांच्या मनात आहे, माझ्याही. पण दुसरा तो दुसराच. वरच्या पातळीवरची लीग जिंकणारा शेवटचा इंग्रज म्हणजे लीड्सचा हॉवर्ड विल्किन्सन, 1991-92 मध्ये, म्हणजे प्रीमियर लीग सुरू होण्याच्या बरोबर आधीच्या वर्षी.

पूर्वी असं अजिबात नव्हतं

"इंग्रजांना डावपेच कळत नाहीत" असं ठोकून देणाऱ्यांनी 1977 ते 1984 हा काळ बघावा. त्या आठ वर्षांत युरोपियन कप सात वेळा इंग्लिश क्लबांनी जिंकला आणि सातही वेळा मॅनेजर इंग्रज होता. लिव्हरपूलच्या बॉब पेझलीने तीन जिंकले: 1977, 1978, 1981. नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या ब्रायन क्लफने 1979 आणि 1980 असे लागोपाठ दोन. 1982 मध्ये ॲस्टन व्हिलाचा टोनी बार्टन, ज्याच्या हातात हंगाम अर्धा उलटल्यावर संघ आला होता. आणि 1984 मध्ये लिव्हरपूलचा जो फेगन. त्यानंतर आजवर एकाही इंग्रज मॅनेजरने ही स्पर्धा जिंकलेली नाही.

क्लफची गोष्ट तर आजच्या फुटबॉलमध्ये घडूच शकणार नाही. त्याचा फॉरेस्ट 1977 मध्ये खालच्या डिव्हिजनमधून वर आला, 1978 मध्ये लीग जिंकला, आणि 1979 मध्ये युरोपचा विजेता झाला. म्युनिकमधल्या त्या अंतिम सामन्यात समोर स्वीडनचा माल्मो होता. माल्मोचा मॅनेजर कोण? बॉब हाउटन, तोही इंग्रज. दोन्ही बाकांवर इंग्रज बसलेले, अशी ती फायनल. आपल्याकडच्या जुन्या फुटबॉलप्रेमींना हाउटन आठवत असेल. 2006 ते 2011 तोच भारताच्या राष्ट्रीय संघाचा कोच होता, आणि त्याच्याच हाताखाली आपण 27 वर्षांनी आशियाई करंडकाला पात्र ठरलो.

मग मधे काय बिघडलं?

एक म्हणजे हेझल. मे 1985 मध्ये ब्रसेल्सच्या हेझल स्टेडियममध्ये लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस या फायनलआधी प्रेक्षकांत धुमश्चक्री झाली, भिंत कोसळली, 39 माणसं गेली. इंग्लिश क्लबांवर युरोपातल्या स्पर्धांत खेळायची बंदी आली. ती पाच वर्षं टिकली, लिव्हरपूलसाठी सहा. नेमक्या त्याच काळात इटलीत आणि नेदरलँड्समध्ये खेळ झपाट्याने बदलत होता. इंग्रज मॅनेजरांना तो खेळ समोर उभं राहून बघायची, त्याच्याकडून मार खायची आणि मार खाऊन शिकायची संधीच मिळाली नाही.

दुसरी गोष्ट शिकवणीची. त्या काळात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेत एक विचार जोरात होता: चेंडू कमीत कमी पासांत पुढे पाठवा, समोरच्या गोलजवळ टाका, गोंधळात गोल होतात. आकडेवारी दाखवून हा विचार पटवला जायचा. लांब चेंडू, मोठे सेंटर फॉरवर्ड, चिखलाची मैदानं, सगळं एकमेकांना पूरक होतं. 1992 मध्ये नियम बदलला. आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हाताने उचलता येईना. मग मागच्या फळीतल्या प्रत्येकाला दबावाखाली चेंडू खेळवता यायला हवा, अशी वेळ आली. हे ज्या देशांत पूर्वीपासून शिकवलं जायचं, तिथले मॅनेजर आपसूक पुढे गेले.

प्रशिक्षकांची संख्याही बघा. 2010 च्या सुमारास युरोपियन संघटनेचे वरचे परवाने असलेले प्रशिक्षक इंग्लंडमध्ये तीन हजारांच्याही आत होते. स्पेनमध्ये जवळपास 24 हजार, जर्मनीत जवळपास 35 हजार. 2012 मध्ये इंग्लंडने बर्टनजवळ सेंट जॉर्जेस पार्क हे मोठं प्रशिक्षण केंद्र उघडलं. तिथून चांगले तरुण खेळाडू आले, हे दिसतंच आहे. मॅनेजर घडायला जास्त वेळ लागतो.

खरी अडचण: जिंकायला शिकायचं कुठे?

माझं मत विचाराल तर वरची दोन्ही कारणं आता जुनी झाली. आजचा तरुण इंग्रज कोच गार्डिओलाइतकेच व्हिडिओ बघतो, तेवढेच आकडे चाळतो. त्याला डावपेच कळतात. त्याला मिळत नाही ती योग्य नोकरी.

इंग्लंडमध्ये साधारण रस्ता असा: खालच्या डिव्हिजनमधला क्लब, तिथून बढती, मग प्रीमियर लीगच्या तळाशी. तिथे काम एकच, रेलिगेशन टाळणं. रेलिगेशन म्हणजे तळाचे तीन संघ दर वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलले जातात तो प्रकार. क्लबाचं कोट्यवधींचं उत्पन्न त्यावर टांगलेलं असतं. अशा संघाला चेंडू सोडून मागे दाटीने उभं राहावं लागतं, एक-शून्य, शून्य-शून्य असे निकाल काढावे लागतात. क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर हा नाईट वॉचमन. उजेड कमी झाला की याला पाठवायचं, "फक्त आऊट होऊ नकोस" म्हणून सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणायचं की याला फटके कुठे येतात. सॅम अलार्डाइसने बोल्टनला थेट युरोपातल्या स्पर्धेत नेलं, पण मोठ्या क्लबचा फोन कधी आला नाही. आपलं आडनाव इटालियन वळणाचं 'अलार्डिची' असतं तर आला असता, असं तो म्हणायचा. त्यात वैताग होता, पण अगदी खोटं नव्हतं.

मोठ्या क्लबाला काय हवं असतं? दर तीन दिवसांनी सामना, प्रत्येक सामना जिंकलाच पाहिजे, समोरचा संघ दहा जण मागे घेऊन बसलेला, आणि ड्रेसिंग रूममध्ये बाकावर बसवलं म्हणून चिडलेले जगप्रसिद्ध खेळाडू. हे सांभाळायचा अनुभव तळाच्या क्लबात मिळत नाही. तो मिळतो पोर्तुगालच्या पोर्तो, नेदरलँड्सच्या आयाक्स, फेयेनूर्द अशा क्लबांत, जिथे आपल्या देशात आपण बलाढ्य आणि युरोपात आपण छोटे. मोरिन्यो पोर्तोहून आला. स्लॉट फेयेनूर्दहून. इंग्लंडमध्ये ही मधली पायरी नाही. एकतर तुम्ही वरच्या सहांत, नाहीतर बाकी सगळे जगायला धडपडणारे.

लेस्टरचं उदाहरण इथे बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण 2016 मध्ये या छोट्या क्लबाने लीग जिंकली तो चमत्कार म्हणून सगळे रानिएरीचं नाव घेतात आणि थांबतात. त्याच्या आधीच्या हंगामात मॅनेजर होता नायजेल पिअर्सन, इंग्रज. नाताळात लेस्टर तळाला. एप्रिलपर्यंत सगळ्यांनी श्राद्ध घातलेलं. शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून तो संघ चौदावा आला. जेमी व्हार्डीला फ्लीटवूडसारख्या छोट्या क्लबातून, मॅहरेझला फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून, कर्णधार वेस मॉर्गनला, ड्रिंकवॉटरला, ऑलब्रायटनला, सगळ्यांना आणलं ते पिअर्सनच्या काळात. जून 2015 च्या शेवटी मालकांशी बिनसलं आणि त्याला काढलं. रानिएरी आला, मिडफिल्डर कांटे आला, आणि बाकीचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. रानिएरीचं श्रेय मोठं आहे. संघ हाती आल्यावर फार ढवळाढवळ न करणं हीही कला आहे. पण किताबाच्या यादीत नाव एकाचंच लागतं.

"पण स्कॉटिश जिंकले की!"

हा आक्षेप हमखास येतो, आणि माझ्या म्हणण्याचा सगळ्यात चांगला पुरावाही तोच आहे. फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेडला आला 1986 मध्ये. त्याआधी तो ॲबरडीनमध्ये होता. स्कॉटलंडमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स या दोन क्लबांशिवाय सहसा कुणी जिंकत नसताना त्याने ॲबरडीनला तीनदा लीग जिंकून दिली आणि 1983 मध्ये रेआल माद्रिदला हरवून युरोपियन कप विनर्स कप (देशोदेशींच्या कप विजेत्यांची स्पर्धा) आणला. म्हणजे इंग्लंडला येण्याआधीच त्याला किताबाच्या शर्यतीतला एप्रिल-मे कसा असतो ते ठाऊक होतं. स्कॉटलंडची लीग छोटी, पण तिथे जिंकायची शाळा होती. तरीही युनायटेडमध्ये पहिली लीग जिंकायला त्याला 1993 उजाडलं. आज कुणाला साडेसहा वर्षं देतात?

"मिळाली होती संधी, यांनीच घालवली"

रॉय हॉजसनला 2010 मध्ये लिव्हरपूल मिळालं. तो नुकताच फुलहॅमला युरोपा लीगच्या, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या खालच्या स्पर्धेच्या, फायनलपर्यंत घेऊन गेला होता. पण तेव्हा लिव्हरपूल कर्जात बुडालेलं, मालकांची कोर्टकचेरी चाललेली. जानेवारी 2011 मध्ये, सहा महिन्यांत, तो बाहेर.

ग्रॅहम पॉटरने स्वीडनच्या ओस्टरसुंडला खालच्या डिव्हिजनमधून वर आणून युरोपात खेळवलं, मग ब्रायटनला नवव्या स्थानावर नेलं. सप्टेंबर 2022 मध्ये चेल्सीने त्याला उचललं. नवे मालक, खेळाडूंची घाऊक खरेदी, ड्रेसिंग रूममध्ये बसायला जागा पुरेना अशी अवस्था. एप्रिलमध्ये काढलं. मग उरलेल्या हंगामासाठी फ्रँक लॅम्पार्डला परत बोलावलं, तरी चेल्सी बारावीच आली. दोष क्लबाचा होता की मॅनेजरचा, हे त्या बाराव्या नंबरावरून ज्याने त्याने ठरवावं. गंमत अशी की पॉटरला जागा करून देण्यासाठी ज्याला काढलं, तो टुखेल. आज इंग्लंडचा संघ त्याच्याकडे आहे.

एवढं मात्र कबूल करायला हवं की या दोघांचं फुटबॉल त्या महिन्यांत बघवत नव्हतं. हॉजसनची लिव्हरपूल तर रटाळ होती. संधी अर्धवट मिळाली हे खरं, आणि मिळाली तेवढ्याचंही सोनं झालं नाही हेही खरं.

"परदेशी मालक, म्हणून परदेशी मॅनेजर"

2003 मध्ये रशियन अब्जाधीश अब्रामोविचने चेल्सी घेतली, 2008 मध्ये मँचेस्टर सिटी अबू धाबीच्या मालकांकडे गेली, आणि मग रांगच लागली. ज्याने शेकडो कोटी ओतले, तो जगातला सगळ्यात नावाजलेला माणूस मागणारच. हे खरं असलं तरी त्याला भेदभाव म्हणणं मला पटत नाही. व्हेंगरला 1996 मध्ये आणलं ते आर्सेनलच्या इंग्रज संचालकांनीच. राष्ट्रीय संघासाठी 2001 मध्ये स्वीडनचा एरिक्सन आणि 2008 मध्ये इटलीचा कापेलो यांना इंग्लिश संघटनेनेच नेमलं. आणि पगाराचा खर्च व लीगमधलं स्थान यांचं घट्ट नातं अर्थतज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा दाखवलेलं आहे. सगळ्यात महागड्या संघांवर इंग्रज बसत नाहीत, म्हणून ते जिंकत नाहीत; जिंकत नाहीत, म्हणून बसवत नाहीत.

इंग्रजांत कुवत नाही म्हणणाऱ्यांसाठी एमा हेझ हे एक नाव पुरे. हिने चेल्सीच्या महिला संघाला 2020 ते 2024 सलग पाच वर्षं लीग जिंकून दिली आणि लगेच अमेरिकेला पॅरिस ऑलिम्पिकचं सुवर्ण. फरक काय? हिला 2012 मध्ये क्लब मिळाला, क्लबाने पैसा लावला आणि हिला तिथे बारा वर्षं राहू दिलं.

बाहेर गेले ते तरले

घर सोडलेल्या इंग्रजांचा इतिहास वेगळाच आहे. टेरी व्हेनेबल्सने 1985 मध्ये बार्सिलोनाला लीग जिंकून दिली. बॉबी रॉबसनने नेदरलँड्स आणि पोर्तुगालमध्ये प्रत्येकी दोनदा लीग जिंकली आणि 1996-97 मध्ये बार्सिलोनाला गेला. त्या वर्षी त्याच्यासोबत दुभाष्याचं काम करत करत सहायक झालेला पोरगा होता मोरिन्यो, आणि मिडफिल्डमध्ये खेळत होता गार्डिओला. प्रीमियर लीगच्या 33 किताबांपैकी 9 या दोघांचे. म्हणजे एका इंग्रजाच्या ड्रेसिंग रूममधून ते निघाले, फक्त निघालेली माणसं इंग्रज नव्हती.

माल्मोचंही तेच. हाउटन आणि हॉजसन या दोघांनी सत्तरच्या दशकात स्वीडनला जागा धरून, एकत्र पुढे सरकून दबाव टाकण्याचा खेळ शिकवला. तो बघून शिकलेल्यांत एक होता एरिक्सन. तोच पुढे इंग्लंडचा पहिला परदेशी मॅनेजर झाला.

मुंबईलाही या गोष्टीचा एक तुकडा मिळाला आहे. मुंबई सिटीचा पहिला कोच, 2014 मध्ये, पीटर रीड. मग 2021 मध्ये आला डेस बकिंगहॅम. त्याच्या मुंबईने 2022 मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब व्हायचा मान मिळवला आणि 2022-23 ची लीग शील्डही (साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते ती) घेतली. तिथून तो आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेला आणि सहा-सात महिन्यांत त्यांना वरच्या डिव्हिजनमध्ये नेलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काढलाही. जिंकायची सवय अंधेरीत लागली आणि मायदेशी पुन्हा रेलिगेशनची लढाई, हे मला त्या एका माणसात अख्खं दिसतं.

मग एडी हाऊचं काय?

सध्या बघण्यासारखी केस हीच. बोर्नमथ तळाच्या व्यावसायिक डिव्हिजनमध्ये 17 गुणांच्या दंडासह लटकत असताना, वयाच्या 31 व्या वर्षी त्याने संघ हाती घेतला आणि 2015 पर्यंत, मधला काही काळ वगळता, प्रीमियर लीगपर्यंत नेला. नोव्हेंबर 2021 मध्ये न्यूकॅसल मिळालं. सौदी पैसा नुकताच आला होता, संघाने एकही सामना जिंकला नव्हता. तरी क्लबाची पहिली पसंती तो नव्हता. आधी उनाई एमेरीला विचारलं होतं, त्याने नकार दिला. हाऊने संघ वाचवला, 2023 मध्ये चौथा आणला, आणि मार्च 2025 मध्ये लिव्हरपूलला 2-1 हरवून लीग कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. न्यूकॅसलचं 1955 नंतरचं पहिलं मोठं देशी विजेतेपद, आणि 2008 मध्ये हॅरी रेडनॅपच्या पोर्ट्समथने एफए कप ही तशीच दुसरी देशी स्पर्धा जिंकल्यानंतर इंग्रज मॅनेजरचंही पहिलंच.

त्याला वेळही मिळाला, बऱ्यापैकी पैसाही. पण सौदी मालक असूनही खर्चाच्या नियमांमुळे हात मोकळा नाही. क्लबाच्या उत्पन्नाच्या मानानेच खर्च करता येतो. त्याच उन्हाळ्यात त्याचा सगळ्यात मोठा गोल करणारा अलेक्झांडर इसाक रुसून बसला आणि 12.5 कोटी पौंडांना गेला, तोही कुठे, तर विजेत्या लिव्हरपूलकडे. हाऊ जिंकला तर न्यूकॅसलमध्येच जिंकेल, किंवा त्याला कुणी मोठा क्लब पहिली पसंती म्हणून बोलावेल तेव्हा. यातलं दुसरं आधी घडलं, तर मला जास्त आश्चर्य वाटेल.